तंबोऱ्यामागची वर्षे

हिंदुस्थानी संगीतात नामवंत घरात जन्मलेल्या गायकाविषयी बोलताना वारशाचा उल्लेख इतक्या सहजपणे होतो, की गळा, विद्या आणि श्रोते या तिन्ही गोष्टी त्याला जन्माबरोबरच मिळाल्या असाव्यात, असा समज ऐकणाऱ्याच्या मनात नकळत तयार होतो. अशा गायकाच्या उमेदवारीचा काळ, म्हणजे तालीम सुरू झाल्यापासून स्वतःच्या नावावर मैफल मिळेपर्यंतची वर्षे, बारकाईने पाहिली तर मात्र निराळेच चित्र दिसते. घरातले संगीत मुलाला तयार गळा देत नाही आणि श्रोतेही फार काळ टिकवून देत नाही. ते त्याला मुख्यतः वेळ देते, आणि तो वेळ घरातल्या कोणीतरी कष्टांनी मिळवून ठेवलेला असतो. शास्त्रीय गायिका किशोरी आमोणकर यांची आरंभीची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. वसई-विरार परिसरातून शास्त्रीय गायन शिकण्यासाठी दादर-पार्ल्यापर्यंत लोकलने जाणाऱ्या, बहुधा कुटुंबातल्या पहिल्याच, विद्यार्थ्यांच्या संदर्भात तर ती विशेष महत्त्वाची ठरते, कारण या विद्यार्थ्यांकडे गळा असतो, जिद्द असते आणि कमी पडतो तो नेमका वेळच.

किशोरीताईंच्या घराला संगीताचे जे नाव होते ते पिढ्यान्‌पिढ्यांचे नव्हते, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १५ जुलै १९०४ रोजी गोव्यातील कुर्डी या गावी झाला. पुढे साळावली धरणाच्या जलाशयात बुडालेले आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की काही आठवडे पुन्हा दिसणारे गाव ते हेच. लहान वयातच आईचे छत्र हरपलेल्या मोगूबाई नाटक कंपन्यांत वाढल्या, आणि तेथेच त्यांच्या गळ्यावर रंगभूमीचे पहिले संस्कार झाले. सांगलीत असताना त्यांचे गाणे उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या कानी पडले आणि त्यांनी या मुलीला शिकवायला सुरुवात केली. खाँसाहेब मुंबईला गेले तेव्हा मोगूबाईंनीही मुंबई गाठली. मात्र तेथे तालीम सलग मिळाली नाही, मधल्या काळात आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकावे लागले, आणि खाँसाहेबांचा रीतसर गंडा बांधला जाण्यासाठी १९३४ साल उजाडावे लागले. गंडा बांधणे म्हणजे गुरूने शिष्याच्या मनगटाला दोरा बांधून त्याचा जाहीर स्वीकार करणे. त्यानंतर ती विद्या देण्याचे बंधन गुरूवर आणि ती जपण्याचे बंधन शिष्यावर येते. १६ मार्च १९४६ रोजी खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत हे नाते टिकले. रक्ताच्या नात्याने मोगूबाई खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली घराण्यातल्या नव्हत्या. त्या घराण्यात त्यांनी आपल्या श्रमांनी जागा मिळवली, आणि किशोरीताईंना जे नामवंत घर लाभले ते या एका बाईने एका आयुष्यात उभारलेले होते.

घराणे म्हणजे गाण्याची एक विशिष्ट शिस्त, जी गुरूकडून शिष्याकडे जाते आणि ज्या शिस्तीवरून जाणकार श्रोता गायकाला ओळखतो. जयपूर-अत्रौली घराण्याची ही शिस्त विशेष कडक मानली जाते. बंदिशीच्या शब्दांपेक्षा आकारावर, म्हणजे ‘आ’ या स्वरोच्चारावर, भर देणे. लय फार विलंबित न ठेवता तालाचे आवर्तन सतत जागे ठेवणे. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची वाट अशी आखणे की ती अपेक्षित असूनही ऐकणाऱ्याला चकित करील. आणि बसंती केदार, नट कामोद, खट यांसारखे अनवट म्हणजे क्वचित गायले जाणारे राग सहजतेने मांडणे, ही तिची ठळक लक्षणे होत. मोगूबाईंची लयीवरील हुकमत या घराण्यातही असाधारण समजली जाई. असे गाणे कानाने उचलून येत नाही. स्वर, लय आणि बंदिश यांचा पीळ इतका घट्ट असतो की एक धागा सुटला तर सारे विस्कटते, आणि म्हणूनच त्याची तालीम अनेक वर्षे चालते.

१९३९ मध्ये पती माधवदास भाटिया यांचे निधन झाल्यावर तीन मुलांचा संसार मोगूबाईंवर पडला. मैफलीचे उत्पन्न अनिश्चित आणि तुटपुंजे असल्याने शिकवण्यांवर घर चालत असे. त्या काळी गायिकेकडे पाहण्याची समाजाची दृष्टी निर्मळ नव्हती, याचाही भार त्यांच्यावर होता, आणि त्यांनी तो मुलांपर्यंत शक्य तितका पोहोचू दिला नाही. एकल आईच्या अशा घरात थोरल्या मुलीला लवकर कमावती करणे हा सोपा मार्ग होता. मोगूबाईंनी तो घेतला नाही. शिकवण्या करून थकल्यानंतर त्या मुलीला तालीम देत राहिल्या आणि तिला मैफलीत स्वतंत्रपणे गाऊ देण्याची घाई त्यांनी केली नाही. किशोरीताईंच्या पुढील सगळ्या यशाच्या मुळाशी आईचा हा निर्णय आहे, असे म्हणणे वावगे होणार नाही.

तालमीची पद्धत कठोर होती. मोगूबाई स्थायी आणि अंतरा, म्हणजे बंदिशीचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध, एक-दोनदाच गाऊन दाखवीत. तिसऱ्यांदा गाण्याची त्यांना सवय नव्हती, असे किशोरीताईंनी अनेक मुलाखतींत सांगितले आहे. ध्वनिमुद्रक हाताशी नसलेल्या त्या काळात शिष्याला दुसऱ्या वेळीच बंदिश पूर्ण पकडावी लागे, आणि त्यासाठी पहिल्या वेळेचे ऐकणे अत्यंत सावध असावे लागे. आज शिकवणीतला प्रत्येक शब्द भ्रमणध्वनीवर साठवता येतो, ही सोय मोठीच आहे; परंतु साठवलेले पुन्हा ऐकता येईल या भरवशामुळे पहिले ऐकणे सैल पडते, असा अनुभव आजचे गुरू वारंवार बोलून दाखवतात, आणि त्यात तथ्य आहे.

या उमेदवारीतला सर्वांत मोठा भाग मात्र तालमीच्या खोलीत नव्हे, तर मंचावर आईच्या मागे तंबोरा घेऊन बसण्यात गेला. तंबोऱ्याच्या साथीविषयी श्रोत्यांना फारशी कल्पना नसते, म्हणून ती थोडी उलगडून सांगणे आवश्यक आहे. तंबोऱ्याला सामान्यतः चार तारा असतात; पहिली पंचमाला लावलेली, मधल्या दोन जोडीच्या तारा षड्जाला आणि शेवटची खर्जाच्या षड्जाला. रागात पंचम वर्ज्य असेल, उदाहरणार्थ मालकंसात, तर पहिली तार मध्यमाला उतरवावी लागते. प्रत्येक तारेखाली घोडीवर एक बारीक सूत सरकवून जिवारी लावली जाते, म्हणजे तारेचा आवाज उघडून तिच्यातून वरचे सूक्ष्म स्वर ऐकू येतील अशी तिची बैठक साधली जाते. सूत केसभर सरकले तरी आवाज बदलतो. मंचावरील उष्णता, दमट हवा आणि श्रोत्यांची गर्दी यांमुळे तारा सतत उतरतात किंवा चढतात, आणि मुख्य गायकाच्या ते ध्यानात येण्यापूर्वी मागच्या शिष्याने ते ओळखून दुरुस्त करायचे असते. तीन-साडेतीन तास पाठ ताठ ठेवून, बोटांचा आघात न बदलता, तारांच्या मूळ नादात मन ठेवणे हे शरीराचेही काम आहे. बोटांची कातडी जाड होते, खांदा आणि मांडी भरून येते.

याखेरीज मागच्या शिष्याला स्वरसाथही करावी लागते. गुरूने आलाप करताना श्वास घेतला की ती जागा भरायची. परंतु भरताना गुरूच्या वाक्याला पुढचे वाक्य जोडायचे नाही, त्याच्या स्वरापेक्षा आवाज चढवायचा नाही, आणि गुरूने पुन्हा सूत्र हाती घेतले की क्षणात मागे हटायचे. गुरू रागाचा कोणता भाग आज मांडणार आहे, कोठे थांबणार आहे, सम कोणत्या अंगाने घेणार आहे, याचा अंदाज सतत बांधावा लागतो, आणि तो चुकला तर शेकडो लोकांसमोर चुकतो. घरातल्या तालमीत राग शिकता येतो. एखाद्या रागाची दीड तासाची इमारत कशी उभी राहते, अंगात ताप असताना ती कशी सावरली जाते, श्रोते थंड असतील तर गायक कोठून सुरुवात करतो, हे मात्र केवळ मागे बसूनच कळते. किशोरीताईंना हे शिक्षण दीर्घकाळ आणि घरच्याच गुरूकडून मिळाले. नामवंत घराचा खरा लाभ कोणता, असे विचारले तर याच जागेकडे बोट दाखवावे लागेल.

त्याच जागेवरून त्यांनी व्यवसायाची दुसरी बाजूही पाहिली. तिसऱ्या वर्गाचा रेल्वेप्रवास, कोणाच्या तरी घरी उतरण्याची अवघड सोय, हाती पडणारी अल्प बिदागी आणि यजमानांची वागणूक, या सगळ्यांतून आईला जावे लागले, हे त्यांच्या मनात खोल रुतले. पुढे स्वतःच्या मैफलीत निवासाची व्यवस्था नीट असावी, मानधन योग्य असावे आणि श्रोत्यांनी शांत राहावे असा आग्रह त्यांनी धरला, तेव्हा त्यांना लहरी आणि रागीट म्हटले गेले. अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी त्यांच्यावर केलेल्या ‘भिन्न षड्ज’ या माहितीपटातही त्यांच्या या प्रतिमेची चर्चा आहे. तो आग्रह स्वभावाचा भाग असेलही. परंतु त्यामागे आईच्या अपमानांची मुलीने ठेवलेली नोंद होती. ज्या कलावंत स्त्रियांनी संयोजकांकडून सन्मानाची वागणूक मिळवली, त्यांनी ती मागून आणि वाईटपणा घेऊन मिळवली, हे मराठी रसिकांनी मान्य करायला हवे.

मोगूबाईंनी मुलीला केवळ स्वतःपुरते बांधून ठेवले नाही. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर यांच्यासह इतर परंपरांतील गुरूंचेही मार्गदर्शन तिला मिळाले. अंजनीबाईंकडे मिंडेचे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्याचे, जे शिक्षण झाले त्याच्या खुणा पुढे किशोरीताईंच्या आलापीत स्पष्ट दिसतात. स्वतःच्या घराण्याविषयी इतकी कडवी निष्ठा असलेल्या गुरूने आपल्या मुलीला दुसऱ्या दारी पाठवावे, यातला मोठेपणा सहसा नोंदवला जात नाही.

या निष्ठेची दुसरी बाजू १९६४ मध्ये दिसली. व्ही. शांताराम यांच्या ‘गीत गाया पत्थरों ने’ या चित्रपटासाठी रामलाल यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली किशोरीताईंनी शीर्षकगीत गायले आणि ते लोकप्रिय झाले. मोगूबाईंना ते मुळीच रुचले नाही. चित्रपटात गायचे असेल तर आपल्या तंबोऱ्यांना हात लावायचा नाही, अशी तंबी त्यांनी दिल्याचे किशोरीताई सांगत. या तंबीकडे जुन्या पिढीचा कर्मठपणा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. चित्रपटगीताला तीन-चार मिनिटांत परिणाम साधावा लागतो आणि त्यासाठी गळा वेगळ्या तऱ्हेने वापरावा लागतो. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू पाहणाऱ्या तरुण गळ्याची रागविस्तारासाठी लागणारी सबुरी सुटते, ही भीती निराधार नव्हती. किशोरीताई त्या क्षेत्रात रमल्या नाहीत. चित्रपटाकडे त्या पुन्हा वळल्या त्या १९९० मध्ये, गोविंद निहलानी यांच्या ‘दृष्टी’ला संगीत देण्यासाठी, आणि तोवर त्यांचे स्थान स्वतंत्रपणे सिद्ध झालेले होते.

तरुणपणीच त्यांचा आवाज गेला आणि सुमारे दोन वर्षे त्या गाऊ शकल्या नाहीत. गायकाच्या व्यवसायात याहून मोठी आपत्ती नाही, कारण वादकाचे वाद्य दुरुस्त होते किंवा बदलता येते, गळा बदलता येत नाही. आयुर्वेदिक उपचारांनी आवाज हळूहळू परत आला. परंतु मधल्या सक्तीच्या मौनात त्या मनातल्या मनात गात राहिल्या आणि राग म्हणजे नेमके काय, या प्रश्नाकडे त्यांची बुद्धी वळली. येथे एक साम्य नोंदवले पाहिजे. खुद्द अल्लादिया खाँ यांचाही आवाज ऐन तारुण्यात, दिवसचे दिवस चाललेल्या अतिश्रमाच्या गायनामुळे बसला होता आणि बराच काळ परतला नव्हता. बदललेल्या आवाजाला झेपेल अशी नवी गायकी त्यांनी रचली, आणि आज जयपूर-अत्रौली म्हणून ओळखली जाणारी शैली त्यातून आकाराला आली. ज्या घराण्याचा जन्मच हरवलेल्या आवाजातून झाला, त्याच्या तिसऱ्या पिढीतली गायिकाही आवाज गमावूनच स्वतःच्या गाण्यापर्यंत पोहोचली. दोघांच्याही बाबतीत ती दोन-तीन वर्षे वाया गेली नाहीत, आणि ती वाया न जाण्याचे कारण गळ्याबाहेर, बुद्धीत, साठवलेली विद्या हे होते.

आवाज परतल्यावर त्यांनी जे गाणे मांडले ते आईच्या गाण्याची प्रतिकृती नव्हते. लय त्यांनी अधिक विलंबित केली, आलापीला पूर्वी नव्हता इतका अवकाश दिला, आणि प्रत्येक रागाचा एक मूळ भाव असतो व स्वर त्या भावासाठी असतात, असा सिद्धान्त त्या मांडू लागल्या. ‘स्वरार्थरमणी : रागरससिद्धान्त’ हा त्यांचा मराठी ग्रंथ या विचारातूनच लिहिला गेला. घराण्याच्या चौकटीतून बाहेर पडल्याबद्दल जुन्या जाणकारांनी त्यांना बोल लावले. तरीही त्यांचा भूप किंवा संपूर्ण मालकंस ऐकताना समेचा डौल आणि तानेचा पेच आईच्या तालमीचाच असल्याचे लक्षात येते. चौकट मोडण्याचा अधिकार त्यांनी ती पूर्ण आत्मसात केल्यावर वापरला, आणि त्यामुळेच त्यांचे मोडणे टिकले. १९८७ मध्ये पद्मभूषण आणि २००२ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना मिळाले.

नामवंत घर आणि मिळणारा वेळ यांचे नाते इतर उदाहरणांतून अधिक स्पष्ट होते. २४ एप्रिल १९४२ रोजी मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे निधन झाले तेव्हा लता मंगेशकर तेरा वर्षांच्याही नव्हत्या. वडिलांचे नाव महाराष्ट्रभर दुमदुमत होते, परंतु घरात उमेदवारीला वेळ देणारे कोणी उरले नव्हते, आणि त्याच वर्षी त्यांना चित्रपटात कामाला लागावे लागले. त्यांनी जे शिक्षण घेतले ते कमावता कमावता घेतले. गायक राहुल देशपांडे यांची स्थिती आणखी निराळी. त्यांचे आजोबा वसंतराव देशपांडे १९८३ मध्ये गेले तेव्हा नातू चार वर्षांचाही नव्हता. आजोबांच्या मागे बसण्याचे भाग्य त्याला लाभले नाही, विद्या इतर गुरूंकडून घ्यावी लागली, आणि ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात वसंतरावांनी १९६७ मध्ये गाजवलेली खाँसाहेब या पात्राची भूमिका त्यांनी पुढे स्वीकारली तेव्हा तुलना अटळच होती. नावामुळे लोक पहिल्या मैफलीला येतात आणि पहिल्याच मैफलीत आजोबांचे माप लावतात. दुसऱ्या मैफलीला ते येतात की नाही, हे गाण्यावरच ठरते.

वसई-विरार भागात संगीत नाही असे कोणी म्हणणार नाही. गावागावांतील भजनी मंडळे, चर्चमधील मराठी उपासनागीते गाणारे गायकवृंद, डिसेंबरअखेर भरणारा तालुक्याचा कला-क्रीडा महोत्सव, आणि पालघर जिल्ह्याच्या डोंगरी भागातील तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य, या सर्वांत सूर आणि लय भरपूर आहेत. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या घरी तारपा वडिलांकडून मुलाकडे आला, आणि त्याचेही शिक्षण शेजारी बसून, ऐकून, वर्षानुवर्षे झाले. म्हणजे मागे बसून शिकण्याची रीत केवळ उस्तादांच्या घरांची नाही. मात्र नालासोपारा किंवा विरारमधून रागसंगीत शिकणाऱ्या मुलीचा दिवस वेगळाच जातो. विरार ते दादर हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. लोकलने एका बाजूला तासाभराहून अधिक वेळ लागतो, आणि गर्दीच्या वेळी डब्यात उभे राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ झाले. गुरूकडची तालीम तासाभराची आणि तिच्यासाठीचा प्रवास त्याच्या दुप्पट, असे गणित महाविद्यालय किंवा नोकरी सांभाळून जुळवावे लागते. घरी परतल्यावर इमारतीच्या पातळ भिंतींआड पहाटेचा खर्जाचा रियाज, म्हणजे खालच्या सप्तकात स्वर स्थिर करण्याचा अभ्यास, शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करून दबक्या आवाजात करावा लागतो, आणि दबक्या आवाजात खर्ज साधत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा ही मुले जिद्दीने देतात, विशारदपर्यंत पोहोचतात, आणि नेमक्या त्या टप्प्यावर, जेथे खरी उमेदवारी सुरू व्हायची, तेथे अनेकींचे गाणे थांबते.

अशा वेळी गळ्याची किंवा निष्ठेची उणीव शोधणे अन्यायाचे आहे. मोगूबाईंना तरी कोणते घर होते? त्यांना गुरू लाभला आणि त्यांच्या मुलीला वेळ लाभला. तो वेळ एका आईने शिकवण्या करून पुरवला. प्रत्येक घरातल्या आईने तो एकटीने पुरवावा, ही अपेक्षा मात्र योग्य नाही. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली आणि पालघर जिल्हा २०१४ मध्ये; क्रीडांगणे आणि महोत्सव यांची आस्था येथे आहेच. महानगरपालिकेची सभागृहे, शाळांचे रिकामे वर्ग, देवस्थानांची आणि चर्चची दालने पहाटे दोन तास आणि रात्री दोन तास रियाजासाठी नाममात्र शुल्कात खुली करावीत, तेथे दोन चांगले जुळवलेले तंबोरे ठेवावेत, आणि मुंबईच्या गुरूंना आठवड्यातून एक दिवस येथे येऊन शिकवता येईल इतके मानधन द्यावे, अशी विनंती येथील लोकप्रतिनिधींना, शाळाचालकांना आणि रसिकांना आहे.